तंबोऱ्याशेजारचा हम: घरच्या विजेच्या प्रकल्प नोंदी, पाचपाखाडी, ठाणे

५ जानेवारी २०२५

आधी तक्रार नीट लिहून ठेवतो, म्हणजे नंतर भलतंच काहीतरी सुधारलं म्हणून खूश व्हायला नको. हम म्हणजे ऑडिओ सिस्टिममधे ऐकू येणारी विजेची गुणगुण, आणि असे हम दोन आहेत. एक अ‍ॅम्पच्या पोटातून येतो, स्पीकरच्या वायरी काढल्या तरी येतो, म्हणजे आतला टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराचा, ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतोय, आणि तो कायम नसतो, सकाळी जोरात, रात्री अकरानंतर जवळजवळ गायब. दुसरा स्पीकरमधून येतो, फक्त फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या, इनपुटवर, आणि तो चोवीस तास ड्युटीवर. सीडीवर नाही, स्ट्रीमरवर नाही.

सेटअप साधाच आहे. बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल, त्याला एसी सिंक्रोनस मोटर, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईच्या कंपनांची वीज करणारी डबी), वेगळा फोनो प्री (तो बारीक सिग्नल मोठा करणारा), इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, बुकशेल्फ स्पीकर. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, दोष त्यांचा आहे की घरचा ते अजून ठरायचंय.

एवढा त्रास कशाला करून घेतोस असं घरी विचारलं गेलंय. उत्तर असं की आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या भागातून, गेली की १०० हर्ट्झ होते, आणि हे १०० पेटीवर पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे कुठेतरी पडतं. आता गाणारे काळी एकमधे गात असतील तर तंबोऱ्याची पंचमाची तार १०४ च्या आसपास लागते, म्हणजे माझा हम त्या पंचमाला जवळपास पाऊण अर्धस्वर उतरून चिकटलेला असतो. ड्रम वाजत असले की हे लपतं, कोणाला कळतही नाही. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला, जेव्हा नुसता तंबोरा आणि एक आकार असतो तेव्हा लपत नाही, सरळ बेसूर तंबोरा ऐकल्यासारखं होतं.

११ जानेवारी

मोजमाप. ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप आणि रूम ईक्यू विझार्ड, फुकट आहे आणि एफएफटी, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे त्याचा आलेख, झकास काढतं. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढून, नाहीतर चार्जरचाच हम मोजत बसायचं.

फोनोवर सगळ्यात उंच शिखर ५० ला, त्याखाली १५०, मग २५०. १०० आणि २०० त्यामानाने बुटके. ही चांगली बातमी आहे. फोनोच्या आतल्या सप्लायचं फिल्टरिंग कमी पडत असतं तर १००, २००, ३०० अशी रांग दिसली असती आणि आवाज मधमाशीसारखा करकरीत असता. ५० आणि त्याच्या विषम पटी जास्त म्हणजे एकतर अर्थचा लूप (दोन वाटांनी अर्थला जोडल्याने झालेलं वेटोळं) आहे नाहीतर जवळपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमधे शिरतंय. दोन्हीचा महावितरणशी काडीचा संबंध नाही.

तरीही वीज साफ करायचीच हे ठरलेलं आहे, ते काही बदलत नाही. हौस आहे.

सॉकेटवरचा व्होल्टेज दिवसभरात २२१ ते २४१ मधे फिरला. लाटेचा आकार बघितला, स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर मधे घालून, थेट नाही, थेट कोणी करू नका. साइन वेव्हचं टोक चपटं झालेलं. सगळ्या इमारतीत टीव्ही, चार्जर, एलईडी, या सगळ्यांमधले एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लाय, लाटेच्या फक्त टोकाला वीज ओढतात म्हणून टोक दबतं. ठाण्यातच असं नाही, जगात कुठेही हेच दिसेल.

१९ जानेवारी

आज खिशातला एएम रेडिओ घेऊन घरभर फिरलो. ही युक्ती जुनी आहे आणि कुठल्याही महाग नॉइज मीटरपेक्षा मजेशीर. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवायचा आणि एकेका वस्तूजवळ न्यायचा, जिथे खरखर वाढते तो चोर.

पहिला चोर देवघरातला एलईडी, दुसरा वायफाय राउटरचा अडॅप्टर, तिसरा आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोनचा एक स्वस्त चार्जर जो फोन लावलेला नसतानाही रेडिओला गप्प करून टाकतो. तो कचऱ्यात. राउटरला चांगला अडॅप्टर लावला. देवघरातल्या दिव्याबद्दल आईशी बोलणी चालू आहेत. लिफ्टवर संशय होता कारण गेल्या वर्षी नवी लिफ्ट बसली आणि तिची मोटर ड्राइव्हवर चालते, पण लिफ्ट वरखाली करत राहिलो तरी तिसऱ्या मजल्यावर आमच्या सॉकेटजवळ रेडिओला काही फरक नाही. खाली पॅनलजवळ मात्र रेडिओ अक्षरशः किंचाळतो. वॉचमन विचारत होता काय शोधताय, बिबट्याला कॉलर लावलीय का.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर सेक्रेटरींना गाठलं. मीटर रूमपासून माझ्या हॉलपर्यंत वेगळी वायर ओढायची परवानगी पाहिजे. त्यांचा पहिला प्रश्न, गाडी घेतली का इलेक्ट्रिक. नाही म्हटलं. मग इंडक्शन? नाही. मग सांगितलं की गाणी ऐकायला. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले अर्ज द्या, कारण म्हणून वायरिंग नूतनीकरण लिहा, गाणी लिहू नका, कमिटीत वाचून दाखवावं लागतं.

२ फेब्रुवारी

अर्ज अडकलाय तोवर स्वप्नरंजन. जपानमधे काही ऑडिओवाल्यांनी घराबाहेर स्वतःचा विजेचा खांब उभारून त्यावर फक्त आपल्यापुरता ट्रान्सफॉर्मर बसवून घेतलाय, २०१६ मधे अमेरिकन वर्तमानपत्रात बातमी आली होती तेव्हापासून डोक्यात आहे. कारण असं की शेजाऱ्यांच्या मिक्सर, एसीशी एकच ट्रान्सफॉर्मर वाटून घेतला की त्यांची घाण आपल्याकडे येते, स्वतःचा असला की येत नाही, निदान कमी येते. तिथे सॉकेटला १०० व्होल्ट असतात, आपल्या २३० च्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे तेवढ्याच वॅटला करंट दुपटीहून जास्त आणि वायरमधला ड्रॉपही त्याच प्रमाणात जास्त. त्यांना खांबाची खाज आपल्यापेक्षा जास्त असण्याला काहीतरी कारण आहे हे मान्य.

हे मामेभावाला फोनवर सांगितलं. तो जुन्नरकडे शेती करतो. तो म्हणाला मग माझ्याकडे काय आहे. आणि खरंच की. राज्याने २०१८ मधे शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आणली, एचव्हीडीएस म्हणतात सगळे, त्यात लांबच लांब लो टेन्शन लाईन ओढण्याऐवजी उच्चदाबाची लाईन शेतापर्यंत नेतात आणि एक नाहीतर दोन पंपांना मिळून एक छोटा ट्रान्सफॉर्मर देतात. उद्देश व्होल्टेज टिकावं, गळती कमी व्हावी, आकडे टाकता येऊ नयेत. म्हणजे टोकियोतला माणूस लाखो येन घालून जे मिळवतो ते आमच्या भावाच्या विहिरीवर, कांद्याच्या शेताच्या बांधावर, खांबावर लटकतंय. मी म्हटलं अरे तुझ्याकडे जगातली सर्वात ऑडिओफाइल वीज आहे. तो म्हणाला रात्रीची लाईट येते, ये ऐकायला.

ठाण्यात फ्लॅटवाल्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे जागा, खर्च, लोड मंजुरी, आणि सोसायटीची सर्वसाधारण सभा. यातलं शेवटचं सर्वात कठीण. खांब रद्द.

१६ फेब्रुवारी

परवानगी मिळाली, लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून आज वायर ओढून झाली. मीटरनंतर वेगळा २० अँपचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा), ३० मिलिअँपचा आरसीसीबी (लीकेज झालं की पडणारा), आणि तिथून ६ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर डक्टमधून थेट हॉलपर्यंत, मधे एकही जोड नाही, शेवटी १६ अँपची दोन सॉकेट. वायरमन हसत होता, एवढ्या वायरवर गीझर आणि एसी दोन्ही चालतील म्हणाला.

हिशोब लिहून ठेवतो कारण सगळे विचारतात फरक काय पडतो. ६ चौरसच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ३ ओहम, दीडच्या वायरचा साधारण १२. अंतर ३० मीटर, जाऊन येऊन ६०. म्हणजे जाड वायरला ०.१८ ओहम, बारीकला ०.७ च्या वर. जुन्या वायरवर फ्रिज, हॉलचा एसी सगळं एकत्र होतं, एसीने सात अँप ओढले की तेवढ्यातच पाच व्होल्ट पडायचे आणि अ‍ॅम्पलाही ते दिसायचे. आता एसी सुरू झाला तरी माझं सॉकेट हलत नाही. हे मीटरवर दिसतं. कानाला म्हणाल तर अ‍ॅम्पच्या आत फिल्टर कपॅसिटर आहेत ते याच कामाला आहेत, पाच व्होल्टच्या डुलकीने गाणं बदलत नाही.

एमसीबी सी कर्व्हचा घेतला हे महत्त्वाचं. मोठा टोरॉइड सुरू होताना क्षणभर खूप करंट खेचतो, बी कर्व्हवाला प्रत्येक वेळी पडत बसतो.

फोनोचा हम? तसाच. एक डेसिबलही कमी नाही. अपेक्षितच होतं.

२३ फेब्रुवारी

अर्थिंगवरून ओळखीच्या एका ऑडिओवाल्या मित्राशी कडाक्याचं भांडण. त्याचं म्हणणं सोसायटीच्या बागेत वेगळा खड्डा खण, कोळसा मीठ घाल, जीआय पाइप पुर आणि ऑडिओचा अर्थ फक्त तिथे जोड, घरच्या अर्थशी जोडू नको, ते घाणेरडं आहे. हे लोक करतात, अभिमानाने फोटो दाखवतात.

मी नाही करणार आणि का ते इथे लिहितो. समजा अ‍ॅम्पच्या आत फेज बॉडीला लागली. करंट खड्ड्यातून मातीतून परत ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे जाणार. खड्ड्याचा रेझिस्टन्स पाच ओहम धरला, जो तसा चांगलाच म्हणायचा, तरी २३० भागिले ५, म्हणजे फार तर ४६ अँप. २० अँपच्या सी कर्व्ह एमसीबीला ताबडतोब पडायला पाचपट ते दहापट लागतात, १०० ते २०० अँप. म्हणजे तो पडायला सेकंदामागून सेकंद घेणार आणि तोवर अ‍ॅम्पची बॉडी जिवंत. आरसीसीबी असला तर वाचलात, पण एकाच उपकरणावर जीव टांगायचा कशाला. शिवाय वीज पडली की बागेतला अर्थ आणि इमारतीचा अर्थ यांच्यात हजारो व्होल्टचा फरक येऊ शकतो, आणि या दोघांना जोडणारी गोष्ट कोण तर टीव्हीच्या केबलमार्गे तुमचाच अ‍ॅम्प.

आणि थ्री पिनचा मधला पाय कापणारे, हम गेला हो एकदम म्हणणारे, त्यांच्याशी तर बोलणंच नको.

घरच्या अर्थचा जोड मात्र मीटर रूममधे घासून घट्ट करून घेतला, गंजला होता. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज ४ वरून दीडवर आला. सगळ्या विंगचा फायदा झाला, कोणाला सांगितलं नाही.

९ मार्च

टोरॉइडच्या गुणगुणीचा छडा लागला. ही रहस्यकथा फार दिवस पुरली. सकाळी सात ते साडेआठ जोरात, रविवारी उशिरा, शाळेला सुट्टी असली की अनियमित. आज सकाळी अ‍ॅम्पजवळ चहा घेऊन बसलो होतो, गुणगुण सुरू झाली आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून हेअर ड्रायरचा आवाज. मुलीला म्हटलं बंद कर, गुणगुण बंद. चालू, चालू. फुल स्पीडवर नेला, गुणगुण बंद! अर्ध्यावर आणला, परत सुरू.

कारण सुंदर आहे. स्वस्त ड्रायरमधे अर्धी उष्णता हवी असेल तर हीटरच्या वाटेत नुसता एक डायोड घालतात. डायोड लाटेचा फक्त वरचा भाग जाऊ देतो, खालचा अडवतो. म्हणजे घराच्या वायरिंगमधून एकाच बाजूला जास्त करंट, आणि वायरच्या रेझिस्टन्समुळे एसीवर थोडासा डीसी स्वार होतो, काहीशे मिलिव्होल्ट. साध्या ईआय (E आणि I आकाराचे पत्रे रचलेल्या) ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांमधे बारीक फटी असतात, त्याला हे चालतं. टोरॉइडची कोअर म्हणजे सलग गुंडाळलेली पट्टी, फट नाही, म्हणून तर तो छोटा आणि कार्यक्षम, पण एवढ्याशा डीसीने त्याची कोअर एका बाजूला सॅच्युरेट (चुंबकत्वाने तुडुंब) व्हायला लागते आणि तो थरथरतो. माझी लाईन आता वेगळी असली तरी मीटरपर्यंतची वायर दोघांची एकच, आणि वरच्या मजल्यांवरही मुली आहेत.

१६ मार्च

लॅमिंग्टन रोडला जाऊन सामान आणलं, डीसी ब्लॉकर बांधला. १०,००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर पाठीला पाठ लावून, आणि त्यांच्यावर समांतर ३५ अँपचा ब्रिज रेक्टिफायर, त्याचे प्लस मायनस एकमेकांना जोडलेले. कपॅसिटर डीसी अडवतात, आणि काही बिघडलं तर ब्रिज दीडेक व्होल्टच्या वर त्यांच्यावर येऊ देत नाही, म्हणून २५ व्होल्टचे कपॅसिटर २३० च्या लाईनमधे जगतात. दोन सिरीजमधे म्हणजे ५,००० मायक्रोफॅरड, ५० हर्ट्झला ०.६४ ओहम, माझा अ‍ॅम्प ऐकण्याच्या आवाजात अर्धा अँपही घेत नाही. हे सगळं फेजमधे, फ्यूजच्या मागे, अर्थ केलेल्या पत्र्याच्या डब्यात. अर्थच्या वायरला हात नाही लावायचा, ती सरळ जाते.

मुलीला ड्रायर अर्ध्यावर लावायला सांगितलं. अ‍ॅम्प गप्प. कान पत्र्याला लावला तरी गप्प. एकूण खर्च एका बऱ्या हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाएवढा. सगळ्या प्रकल्पात डोळे मिटून कोणालाही सांगावी अशी ही एकच वस्तू, आणि ती कोणी चकचकीत डब्यात घालून विकत नाही, विकतात तेव्हा किमतीला एक शून्य जास्त असतो.

३० मार्च, पाडवा

वागळे इस्टेटमधल्या वाइंडिंगवाल्याकडे महिन्यापूर्वी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (येणारी आणि जाणारी वायर एकमेकींना न जोडता वीज पुढे देणारा) सांगितला होता, आज मुहूर्तावर घरी आला. त्याने ऑर्डर घेताना विचारलं होतं कुठल्या मशीनला पाहिजे. सीएनसी असेल असं त्याला वाटलं. मी सांगितल्यावर म्हणाला म्हणजे आवाज करायला नको असा पाहिजे, मग कोअर डबल घ्या. हा माणूस कामाचा.

१ केव्हीए, एकास एक, सीआरजीओ स्टॅम्पिंग (ट्रान्सफॉर्मरच्या खास पोलादाचे पत्रे), आणि फ्लक्स मुद्दाम कमी धरलाय, नेहमी दीड टेस्लाच्या वर जातात तिथे १.१, म्हणजे टर्न पर व्होल्ट जास्त, तांबं जास्त, वजन जास्त, पैसे जास्त. प्रायमरी (वीज घेणारं) आणि सेकंडरी (वीज देणारं) वाइंडिंग यांच्या मधे तांब्याच्या पत्र्याचा शील्ड, त्याची दोन टोकं एकमेकांना न भिडवता, भिडली तर तो शॉर्टेड टर्न होऊन जळेल, आणि शील्ड अर्थला. याचं काम वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्समधून उडी मारणारा वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंधळ अर्थला नेणं. वार्निशमधे बुडवून भट्टीत भाजलाय.

त्याने शेवटी विचारलं न्यूट्रल अर्थ करणार का फ्लोटिंग, म्हणजे अर्थला न जोडता, ठेवणार. मी म्हटलं, सेकंडरीचं एक टोक अर्थ करून त्याच्या पुढे परत आरसीसीबी. फ्लोटिंग ठेवलं तर पुढच्या आरसीसीबीला लीकेज कळणारच नाही, आणि ज्यांच्या घरी असा फ्लोटिंग ठेवलेला आहे त्यांनी एकदा हे तपासा.

रिक्षावाल्याने डिकीत ठेवू दिला नाही, स्प्रिंग बसेल म्हणाला. टेम्पो करावा लागला.

६ एप्रिल

ट्रान्सफॉर्मर रॅकच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि फोनोचा हम ९ डेसिबलने वाढला! वीज साफ करणाऱ्या वस्तूने. स्वतः गप्प आहे हो, वाइंडिंगवाल्याने शब्द पाळला, पण चुंबकीय क्षेत्र कुठे जाणार. यातून एक बरं झालं, संशयिताचं नाव पक्कं झालं.

कोणालाही करता येईल अशी चाचणी. मोटर बंद, आवाज वाढवलेला, टोनआर्म हाताने उचलून रेकॉर्डवरून आत बाहेर न्यायचा. हम जागेप्रमाणे कमी जास्त झाला तर तो वायरीतून येत नाहीये, हवेतून कार्ट्रिजच्या कॉइलमधे शिरतोय. आणि फोनोच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग लावून बघायचं, हम गेला तर फोनो निर्दोष. माझ्याकडे दोन्ही पुरावे मिळाले. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज पाचेक मिलिव्होल्ट देतं, फोनो त्याला शंभरपट करतो, खालच्या सुरांना आरआयएए कर्व्हमुळे (रेकॉर्ड कापताना दाबलेले खालचे सूर परत उचलायचं ठरलेलं प्रमाण) अजून जवळपास दसपट, आणि ५० हर्ट्झ नेमकं त्याच टोकाला बसलंय.

ट्रान्सफॉर्मर गॅलरीत गेला, लोखंडी डब्यात. टर्नटेबल अ‍ॅम्पच्या डोक्यावरून काढून भिंतीवरच्या फळीवर, मधे एक मीटर. ५० चं शिखर आता जानेवारीपेक्षा १४ डेसिबल खाली. ड्रिल मशीन आणि दोन ब्रॅकेट, बस.

१३ एप्रिल

उरलेला हम आज सापडला, टीव्हीच्या केबलमधे. गच्चीवरून येणाऱ्या केबलची जाळी तिथे कुठेतरी अर्थला टेकते, सेट टॉप बॉक्समधून टीव्हीत, टीव्हीतून ऑडिओ वायरने अ‍ॅम्पमधे, आणि अ‍ॅम्प माझ्या सॉकेटच्या अर्थला. चार मजले उंचीचा लूप. केबल बॉक्समधून काढली की १५० चं शिखर धपकन खाली. टीव्ही ते अ‍ॅम्प आता ऑप्टिकल वायर. तोशिबाने १९८३ मधे आणलेली प्लास्टिकची काडी, तिच्यातून प्रकाश जातो, करंट जात नाही, लूप तुटला. तीनशे रुपये.

११ मे

फ्रिक्वेन्सी हा विषय मुद्दाम मागे ठेवला होता. माझ्या टर्नटेबलची मोटर सिंक्रोनस, म्हणजे ग्रिडच्या ५० ला बांधलेली. ग्रिड ४९.९० ते ५०.०५ मधे ठेवायची असते. हा पट्टा ०.३ टक्क्यांचा, सुरात पाचेक सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). माझ्या कानाला कळत नाही, आणि एका रेकॉर्डच्या बाजूत तर याहून फार कमी हलते. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला सगळ्या देशाने नऊ मिनिटं दिवे बंद केले तेव्हा मागणी सुमारे ३१ गिगावॉटने पडली आणि फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ पर्यंत फिरली, त्या रात्री रेकॉर्ड लावून बसलेला कोणी असेल तर त्याच्या गायकाने एकोणीस सेंटची मींड फुकट घेतली.

यावरून एक वाद कायमचा मिटवतो. काहीजण म्हणतात कोयनेची जलविद्युत गोड आणि चंद्रपूरची औष्णिक कोरडी. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रिड जोडल्यापासून अख्ख्या देशाचे जनरेटर एका तालात फिरतात, तुमच्या सॉकेटमधे कुठला इलेक्ट्रॉन कोयनेचा हे विचारण्यात अर्थ नाही. जपानमधे निदान पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० आहे, १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकन जनरेटर घेतले म्हणून, तिथे शहर बदललं की मोटरची पुली बदलावी लागते, तो खरा फरक.

२६ मे

पाऊस आलाच, मे संपायच्या आधी. संध्याकाळी लाईट गेली, पूर्ण परिसराची. फोनो गेल्या आठवड्यापासून लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांवर आहे, दोन पॅक, प्लस मायनस १२.८, प्रत्येकी फ्यूज. त्यामुळे फोनो आणि लॅपटॉप दोन्ही जिवंत, बाकी सगळा ठाण्याचा हा कोपरा मेलेला. असा नॉइज फ्लोअर (काही वाजत नसताना उरणारा आवाज) मोजायची संधी परत कधी मिळणार. ५० चं शिखर नाहीच, सपाट हिस्स. म्हणजे बॅटरी असूनही लाईट असताना जे उरतं ते आता फक्त हवेतलं.

पण खरी गंमत वेगळी. फोनमधल्या अ‍ॅपवर खोलीचा आवाज बघितला. पंखा, फ्रिज, शेजारचा एसी, सगळं बंद, फक्त पाऊस, तरी नेहमीपेक्षा आकडा खाली. पंखा तीनवर असला की तो एकटाच माझ्या उरलेल्या हमच्या कितीतरी वर. आणि ठाण्यात मे महिन्यात पंखा बंद करून मालकंस कोण ऐकणार.

१५ जून

मेव्हणा आला होता, त्याला गॅलरीत बसवला. अ म्हणजे लाईन आणि डीसी ब्लॉकर, ब म्हणजे लाईन आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तो नाणं उडवून ठरवणार, अ‍ॅम्प बंद करून प्लग बदलणार किंवा बदलल्यासारखं करणार, मी आत, दार बंद, न बोलता कागदावर लिहिणार. १६ वेळा केलं तर १२ बरोबर आल्याशिवाय नशीब नाही असं म्हणता येत नाही, तिथे योगायोगाची शक्यता ४ टक्क्यांच्या खाली जाते. माझे बरोबर निम्म्याच्या आसपास आले. मग बायकोला बसवलं, तिचे माझ्यापेक्षा एक जास्त, आणि ती अर्धा वेळ फोन बघत होती.

बदलायला मधे मिनिटभर जातं, तेवढ्यात कानाची आठवण पुसट होते, हा आक्षेप मला माहीत आहे. पण जो फरक मिनिटभर टिकत नाही त्यासाठी टेम्पो करायचा का, असं मेव्हणा म्हणाला. ट्रान्सफॉर्मर मात्र काढत नाही. त्याच्या मागे न्यूट्रल अर्थचा व्होल्टेज शून्य आहे, चांगला बनलाय, आणि परत खाली न्यायला दोन माणसं लागतील.

२२ जून

फोनोचा ५० हर्ट्झ आता सुरुवातीपेक्षा २६ डेसिबल खाली. विलंबितच्या सुरुवातीला तंबोरा एकटा आहे. सगळ्यात जास्त काम केलं फळीने, ऑप्टिकल वायरने आणि डीसी ब्लॉकरने, याच क्रमाने. जाड वायर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून खर्चाचे नव्वद टक्के. बॅटरी मधे कुठेतरी.

सेक्रेटरींचा निरोप आलाय. त्यांनी मुलाच्या आग्रहाने होम थिएटर घेतलं आणि सबवूफर सतत घुंई करतोय, दुकानदार पंधरा हजारांचा पॉवर कंडिशनर घ्या म्हणतोय. उद्या संध्याकाळी जातोय त्यांच्याकडे, आधी केबलवाल्याची वायर काढून बघणार, मग रेडिओ फिरवणार, तोवर काही घेऊ नका सांगितलंय.